दुर्मीळ स्कॉच आणि मोजकं पाणी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात स्कॉचवरची पत्रं बरीच आली. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, पार भालकीहूनसुद्धा. बहुतेकांच्या कपाटात कुणीतरी परदेशातून आणलेली एखादी महागाची बाटली आहे. ती उघडावी कशी, ताडून बघावी कशी आणि जपावी कशी, हेच सगळ्यांनी फिरवून विचारलं आहे.

प्रश्न: आम्ही चौघा मित्रांनी मिळून तीन सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, म्हणजे गाळण्याच्या कारखान्यात, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या) जमवल्या. एक ४३ टक्क्यांची, एक ४६ची आणि एक कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, ५८ टक्क्यांची. एकाच बैठकीत तिन्ही चाखल्या. सगळ्यांनी ५८ वालीलाच पहिला नंबर दिला, पण का दिला ते कुणालाच धड सांगता येईना. आमचं काय चुकलं सांगा की. (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: तुमच्या जिभेचं काही चुकलं नाही, मांडणीत चूक झाली. तीन गायकांपैकी एकाच्याच पुढं माइक ठेवला तर त्याचाच आवाज कानात राहणार. ५८ टक्क्यांत अल्कोहोल जास्त, त्यामुळं गोडी, तिखटपणा, घशातली ऊब सगळंच मोठं लागतं. दोन व्हिस्कींची तुलना करायची तर एक फेरी तरी समान ताकदीवर व्हायलाच हवी.

हिशेब सोपा आहे. बाटलीवरच्या टक्क्याला हव्या त्या टक्क्यानं भागा, त्यातून एक वजा करा आणि उरलेल्या आकड्याला ग्लासातल्या मिलिलिटरनं गुणा. तेवढं पाणी घालायचं. तुमच्याकडची सर्वांत कमी ताकद ४३ आहे, म्हणून बाकीच्या दोन्ही तिथं आणू. ग्लासात १५ मिली व्हिस्की धरू. ५८ भागिले ४३ म्हणजे १.३४९. एक वजा केल्यावर ०.३४९ उरतात, त्याला १५ मिलीनं गुणलं की ५.२ मिली पाणी. ४६ वालीला १ मिली पुरतं. मेडिकलमधून ५ मिलीची नवी सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि तिनंच पाणी मोजा. चमच्यानं मोजलेलं पाणी दर ग्लासात वेगळं पडतं, आणि मग तुलना व्हिस्कीची न होता चमच्याची होते.

पाणी बोअरचं नको. जड पाण्यातला क्षार जिभेवर खडूसारखा बसतो. आरओचं किंवा कमी क्षाराचं बाटलीबंद पाणी घ्या, तेही खोलीच्या तापमानाचं. पाणी घातल्याबरोबर तोंडाला लावू नका, तीन-चार मिनिटं थांबा. बार्ली वाळवताना लागलेल्या धुराच्या वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू पाण्यापेक्षा अल्कोहोलला जास्त धरून राहतो. ताकद उतरली की तो द्रवाच्या पृष्ठभागाकडं येतो आणि नाकाला लवकर सापडतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ साली संगणकीय प्रतिकृतीवरून हे दाखवलं आहे. पाण्यानं व्हिस्की ‘मरते’ म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारी दोन ग्लास ठेवून बघावं.

समान ताकदीची फेरी झाली की दुसऱ्या फेरीत तिन्ही बाटलीतल्या ताकदीवर घ्या. दोन्ही फेऱ्यांत क्रम बदलला, तर तोच तुमच्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा शोध समजा.

आता आंधळी चाचणी, म्हणजे कुठल्या ग्लासात काय आहे हे माहीत नसताना चाखणं. जो पिणार नाही अशा घरच्या कुणाला तरी ओतायला सांगा. ग्लासाच्या बुडाला चिकटपट्टीवर खूण, बाटल्या दुसऱ्या खोलीत. दोन बॅचमधला फरक खरंच कळतो का हे तपासायचं असेल तर तीन ग्लास घ्या, दोनांत एक बॅच, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानं तीनातून एकदा बरोबर येणारच. सहा वेळा करून निदान पाच वेळा बरोबर आलं, तर फरक खरा माना. योगायोगानं तसं जमण्याची शक्यता शंभरात दोनांहूनही कमी आहे. सहाही खेपा एका बैठकीत उरकू नका. नाक दमतं. दोन दिवस घ्या आणि चाचणीपुरते ५ मिलीच ओता.

ग्लास तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्कीचा खास ग्लास मिळाला तर उत्तम, नाहीतर छोटा वाइनग्लास चालतो. रुंद तोंडाच्या सरळ ग्लासात वास उडून जातो. ग्लास धुतल्यावर नुसत्या गरम पाण्यानं पुन्हा विसळा आणि हवेवर वाळवा. कपाटात उपडा ठेवलेला ग्लास आधी हुंगून बघा, डांबरगोळ्यांचा किंवा लाकडाचा वास बुडाशी अडकलेला असतो. त्या संध्याकाळी उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल काही नको. स्वयंपाकघरातली फोडणीही आधीच आटोपलेली बरी. ओतल्यावर ग्लासावर वाटी पालथी घालून दहा मिनिटं ठेवा. मग ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्या, म्हणजे अल्कोहोलचा झणका थेट नाकात जात नाही.

क्रम धूर नसलेलीपासून धुराच्या व्हिस्कीकडं, बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) पिंपातलीपासून शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातलीकडं असा ठेवा. पहिल्या ग्लासावर नेहमी अन्याय होतो, जीभ तेव्हा अजून अल्कोहोलला सरावलेली नसते. म्हणून साध्या ब्लेंडचे (माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कीच्या मिश्रणाचे) ५ मिली आधी तोंडात घोळवून घ्या. मिसळ, तिखट शेव, मिरचीची भजी नंतर. मिरचीतला तिखट घटक आणि अल्कोहोल दोन्ही तोंडातल्या एकाच दाहाच्या संवेदकाला डिवचतात, त्यामुळं तिखटानंतर ४३ टक्केही ५८ सारखे जाळतात. सुपारी आणि तंबाखू खाणाऱ्यांनी चाखण्याआधी निदान दोन तास तोंड मोकळं ठेवावं.

हेही मोजून ठेवा. तुमच्या तीन ग्लासांतलं अल्कोहोल मिळून २२ मिली होतं, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगापेक्षा थोडं कमी. दुसरी फेरी धरली की ते दुप्पट. आपल्याकडं वाहन चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती ओलांडायला मोठी बैठक लागत नाही. चौघांनीही गाडीच्या किल्ल्या त्या दिवशी घरीच ठेवाव्यात.

प्रश्न: परदेशी समीक्षकांच्या टिपणांत हेदर, मार्मलेड, टॉफी असे शब्द असतात. आम्ही हे कधी खाल्लेलं-हुंगलेलं नाही. मग आम्हाला चव कळतच नाही असं समजायचं का? (खानापूर)

उत्तर: मुळीच नाही. वासाचा शब्द आठवणीतून येतो आणि तुमची आठवण स्कॉटलंडच्या माळावरची नाही, हे उघडच आहे. उसनी नावं टाका आणि आपली वापरा.

शेरीच्या पिंपातली, पहिल्याच भरणीची (शेरीनंतर त्या पिंपात पहिल्यांदाच भरलेली) जुनी माल्ट घेतली तर बेळगावचा कुंदा आठवतो. दूध आटवताना कढईच्या कडेला तांबूस होऊन चिकटलेला जो भाग असतो, नेमका तो. त्यामागून खारीक, काळे मनुके, कधी काकवी. अमेरिकन ओकच्या पिंपातून लॅक्टोन नावाचा एक रेणू उतरतो, त्याला स्वच्छ ओल्या नारळाचा वास असतो. नारळाची वडी थापतानाचा वास म्हणा, कुणालाही कळेल. लवंगेतला युजेनॉलही ओकच्या लाकडातून येतो, त्यामुळं मसाल्याच्या डब्याचा भास खोटा नसतो. तरुण माल्टमध्ये पिकल्या केळ्याचा वास देणारी एस्टर असतात. क्लायनेलिशसारख्या माल्टला मेणचट म्हणतात. देव्हाऱ्यातली मेणबत्ती विझवून बोटांत धरा, तो स्पर्श जिभेवर येतो.

धुराचे तर आपल्याकडं किती प्रकार! न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात लाकडं पेटतानाचा धूर वेगळा, निपाणीच्या वखारीतल्या तंबाखूचा कोरडा गोडसर वास वेगळा, कारवारकडं सुकत घातलेल्या बांगड्यांचा खारट वास वेगळा आणि दवाखान्यातल्या टिंक्चरचा वेगळा. धुराच्या माल्टपैकी लाफ्रोइगला टिंक्चर म्हणा, लागावुलिनला बंबाचा धूर आणि सुका बांगडा. हे टिपण तुमच्या शेजाऱ्याला ‘आयोडीन, समुद्री शेवाळ’पेक्षा जास्त सांगेल.

दोषांनाही नावं हवीत. ओला पुठ्ठा किंवा पावसाळ्यात भिंतीला टेकून राहिलेली वही आठवली तर बूच बिघडलं आहे. विझलेली काडी, जळकं रबर आलं तर गंधक आहे, शेरीच्या काही पिंपांतून तो उतरतो. शिळ्या लोण्याचा आंबूस वास आला आणि पंधरा मिनिटांत गेला नाही, तर ती बाटली दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. उघडल्या-उघडल्या निकाल देऊ नये.

प्रश्न: ओळखीच्या एकानं ‘रेअर लिमिटेड’ लिहिलेली सिंगल माल्ट अर्ध्या किमतीत देऊ केली. खरी की खोटी, घरबसल्या कसं ओळखावं? (निपाणी)

उत्तर: लेबलापासून सुरुवात करा. ‘रेअर’, ‘लिमिटेड’, ‘रिझर्व्ह’ या शब्दांना स्कॉचच्या कायद्यात काहीही व्याख्या नाही, ते कुणीही छापू शकतं. अर्थ असलेले शब्द वेगळे. वय लिहिलं असेल तर ते त्यातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. स्कॉच म्हणायचं तर ती ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं राहिलेली आणि किमान ४० टक्क्यांची असावी लागते. तिच्यात पाणी आणि साधा कॅरॅमल रंग सोडून काही घालता येत नाही.

तुमच्या कामाचा नियम पुढं आहे. २३ नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. त्यामुळं नव्या बाटलीवर ‘सिंगल माल्ट स्कॉच’ आणि ‘भारतात भरलेली’ हे दोन्ही असेल तर पुढं बघायची गरजच नाही. ब्लेंडेड स्कॉचचं तसं नाही. ती मोठ्या प्रमाणात आणून इथं भरणं कायदेशीर आहे आणि वाईन शॉपमधल्या ओळखीच्या कितीतरी ब्लेंड तशाच येतात. त्यांच्यावर ४२.८ टक्के दिसतं, तेही जुन्या ब्रिटिश मापामुळं. १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे ७५ टक्के धरले की ४२.८.

‘सिंगल कास्क’, म्हणजे एकाच पिंपातली, असं लिहिलं असेल तर बाटल्यांची संख्या बघा आणि गुणाकार करा. बर्बनचं पिंप सुमारे २०० लिटरचं, हॉग्सहेड नावाचं २५०, शेरीचं बट ५००. स्कॉटलंडच्या हवेत वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. २५० लिटरचं हॉग्सहेड १८ वर्षांनी १७४ लिटरवर येतं, म्हणजे ७०० मिलीच्या सुमारे २४८ बाटल्या. बर्बनच्या पिंपातून १२ वर्षांनी सुमारे २२४. आता कुणी ‘एकाच हॉग्सहेडमधून, कास्क स्ट्रेंग्थ, १२०० बाटल्या’ म्हणत असेल तर हिशेब बसत नाही. पाणी घालून ताकद ४६ वर आणली असेल तर आकडा वाढतो, तेवढं ध्यानात ठेवा.

बाटली हातात आल्यावर काचेवरचा किंवा लेबलाखालचा लॉट कोड खरवडलेला नाही ना, सीलचा जोड सरळ आहे ना, बाटली उलटी केल्यावर थेंब झिरपत नाही ना, हे बघा. अधिकृत आयातीच्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि अबकारी खात्याचं लेबल असतं.

बनावट दारूला खरी बाटली लागते आणि ती भंगारातून मिळते. म्हणून महागाची रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी लेबल खिळ्यानं आडवंतिडवं ओरबाडा आणि खोकं फाडून टाका. तुम्हाला आलेल्या भावाबद्दल म्हणाल तर घेऊ नका. दुर्मीळ बाटली अर्ध्या किमतीत सोडणारा माणूस तिची किंमत जाणत नाही किंवा फार चांगली जाणतो.

प्रश्न: पोर्ट एलन, ब्रोरा, रोझबँक या बंद पडलेल्या डिस्टिलऱ्या पुन्हा सुरू झाल्या असं वाचलं. मग जुन्या बाटल्यांचे भाव उतरतील का? आणि त्या खरंच तेवढ्या चांगल्या असतात का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर: नाव एक असलं तरी व्हिस्की दोन आहेत, असं समजा. पोर्ट एलन आणि ब्रोरा १९८३ मध्ये बंद झाल्या, रोझबँक १९९३ मध्ये. ब्रोरा २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, पोर्ट एलन आणि रोझबँकचे दरवाजे २०२४ मध्ये उघडले. नव्या भट्टीतली पोर्ट एलन बारा वर्षांची होईपर्यंत २०३६ उजाडेल. तोवर जुनी म्हणून जी येते ती १९८३ पूर्वीच्या शिल्लक पिंपांतलीच, आणि ती पिंपं वाढत नाहीत.

चवीचं म्हणाल तर एक गोष्ट विसरली जाते. त्या काळी मागणी पडली होती, गोदामं भरून वाहत होती आणि मालकांनी ज्या डिस्टिलऱ्या नसल्या तरी चालतील असं वाटलं त्या बंद केल्या. पोर्ट एलनचा माल तेव्हा ब्लेंडमध्ये जात होता. तिची कीर्ती बंद पडल्यावर झाली. काही पिंपं अप्रतिम निघाली यात शंका नाही, पण चाळीस वर्षांत लाकडानं गिळून टाकलेली, नुसती तुरट झालेलीही असतात. पूर्ण बाटलीच्या भावात पडण्यापेक्षा परदेशात जाणाऱ्या नातेवाइकाला चांगल्या बारमध्ये २० मिली घेऊन या म्हणावं. तिथं कळेल.

गुंतवणूक म्हणून घ्यावी का, हेही तुम्ही विचारलं आहे. आपल्याकडं परवान्याशिवाय दारू विकता येत नाही. घेतली तर पिण्यासाठी घ्या.

प्रश्न: नव्या डिस्टिलरीची पाच वर्षांची माल्ट बारा वर्षांच्या ओळखीच्या माल्टपेक्षा महाग का? (चिकोडी)

उत्तर: नवी डिस्टिलरी छोटी असते, पिंपं थोडी असतात आणि ‘पहिली आवृत्ती’ला संग्राहक जादा मोजतात. आर्डनॅमर्कननं पहिली माल्ट २०२० मध्ये काढली, आयला बेटावरच्या आर्डनाहोनं २०२४ मध्ये. डाफ्टमिलनं मात्र २००५ मध्ये गाळायला घेतलेली व्हिस्की २०१८ पर्यंत विकायला काढली नाही. तो संयम आम्हाला फार आवडतो.

तरुण व्हिस्की वाईट असा नियम नाही. तिच्यात बघायचं ते हे: ओलसर पीठ, कच्चं धान्य, तोंडाच्या टोकाला टोचणारा झणका फार आहे का? लाकडाची गोडी वरून रंग दिल्यासारखी वेगळी लागते का, की धान्याच्या चवीत मिसळली आहे? ओळखीची बारा वर्षांची माल्ट शेजारी समान ताकदीवर ठेवली की दोन्ही प्रश्नांची उत्तरं दहा मिनिटांत मिळतात. घ्यायची तर दुसरी-तिसरी बॅच घ्या. व्हिस्की बहुधा थोडी जास्त मुरलेली असते आणि भाव खाली आलेला असतो.

प्रश्न: पीपीएम जास्त म्हणजे धूर जास्त ना? (कारवार)

उत्तर: पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. तो आकडा बार्लीच्या माल्टमधल्या फिनॉलचा, म्हणजे धुराच्या वासाच्या रेणूंचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नव्हे. दळण, आंबवण, गाळणी आणि पिंपातली वर्षं यांत त्यातला मोठा भाग जातो. ऑक्टोमोर ०८.३ या व्हिस्कीच्या माल्टचा आकडा ३०९.१ होता, आर्डबेगचा ५५ च्या आसपास असतो, पण पहिलीत दुसरीच्या साडेपाच पट धूर लागत नाही. लागावुलिन आणि कूल ईला दोघींचा माल्ट साधारण ३५ पीपीएमचा, तरी एक जड आणि एक हलकी. जड फिनॉल गाळणीच्या शेवटाकडं उतरतात, म्हणून धार कुठं तोडायची आणि भांडं किती उंच, यावर बरंच ठरतं. वयानंही धूर मऊ होतो.

प्रश्न: गोव्यात बाटली स्वस्त. चोर्ला घाटातून एखादी आणली तर? (बेळगाव)

उत्तर: नको. कर्नाटकाचा कर न भरलेली बाटली परवान्याशिवाय इकडं आणली की ती बेकायदा. जप्त होते, गुन्हाही नोंद होतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला मात्र २ लिटरपर्यंत सवलत आहे. दाबोळी किंवा मोपाला उतरणाऱ्या नातेवाइकाला सांगायचं तर बिल जपून ठेवायला सांगा.

प्रश्न: पंधरा वर्षं जपलेली बाटली उघडायला गेलो तर बुचाचे दोन तुकडे झाले, अर्धं आतच राहिलं. व्हिस्की वाया गेली का? आणि उरलेल्या बाटल्या कशा ठेवाव्यात? (खानापूर)

उत्तर: वाया गेलेली नाही. अडकलेल्या तुकड्याला दोन पात्यांचा बूच-ओढा कडेनं सरकवून, पिळत वर घ्या. मधोमध स्क्रू घातला तर कोरडं बूच भुगा होतं. तुकडा आत पडलाच तर घाबरू नका. गाळणीत न रंगवलेला कॉफीचा फिल्टर कागद बसवा, तो आधी गरम पाण्यानं भिजवून पिळा म्हणजे कागदाचा वास लागत नाही आणि व्हिस्की स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत हळूहळू गाळा. मूळ बाटली विसळून परत भरता येते. त्याच मापाचं बूच हवं, म्हणून संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन, वाळवून डब्यात ठेवत जा.

बाटली उभीच ठेवायची. वाइनसारखी आडवी ठेवली तर ४० टक्क्यांवरचं अल्कोहोल बूच कुरतडतं. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर, गोदरेजच्या कपाटावर नको. तुमच्याकडच्या पावसात लेबलाला बुरशी येते, तेव्हा पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबर लावा, आत डांबरगोळी मात्र टाकू नका. फ्रिजमध्ये ठेवलेली व्हिस्की ढगाळ झाली तर ती बिघडली असं नाही. ४६ टक्क्यांच्या आणि त्यावरच्या बऱ्याच माल्ट थंड करून गाळलेल्या नसतात, त्या थंड झाल्या किंवा त्यांत पाणी, बर्फ पडला की स्निग्ध एस्टर वेगळी होतात. नुसत्या थंडीनं ढगाळ झाल्या असतील तर खोलीच्या उबेत त्या पुन्हा निवळतात.

उघडलेली बाटली अर्ध्यापर्यंत आली की सहा महिने ते वर्षभरात संपवावी. पाव उरली असेल तर १०० मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटल्या आणा, काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा आणि नाव, टक्के, उघडल्याची तारीख पेन्सिलीनं लिहा. शाईचं लिखाण एका थेंबानं पुसतं.